केकताड : दोर देणारं झाड धुऱ्यावरचं तण कसं झालं?

मुरुम (ता. उमरगा) : ज्याच्या वाखाचा कासरा एकेकाळी प्रत्येक बैलाला लागायचा, ते केकताड आज धुऱ्यावरून रानात घुसत आहे. हे झाड काय आहे, का पसरतं आणि कसं काढायचं, त्याची ही माहिती.

ओळख
पुस्तकात याला घायपात म्हणतात. मूळ मेक्सिकोकडचं. यातल्या सिसल जातीला तिथल्या एका बंदराचं नाव मिळालं आहे. काही जातींच्या पानाला कडेनं आकड्यासारखे काटे असतात. सिसलचा काटा मुख्यतः टोकाला. जाड पानात पाणी साठवून दुष्काळातही जगतं, जनावर सहसा तोंड लावत नाही. म्हणून कुंपणाला लावलं गेलं.

वाख आणि दोर
पानं पाण्यात कुजवायची, ठेचून धुवायची, वाळवायची, की वाख तयार. 100 किलो पानांतून जेमतेम 3-4 किलो निघतो. मातंग समाजातले कारागीर त्याचे कासरे, दावी, चऱ्हाटं, मोटेचे नाडे वळायचे. बदल्यात बलुतं मिळायचं. मोट गेली, नायलॉनचा दोर आला, बैलं कमी झाली. कारागिरांचं काम गेलं आणि केकताडाकडं कुणी बघेना.

पसरतं कसं?
बुडाला जमिनीखालून पिल्लं फुटतात. झाडाला आयुष्यात एकदाच उंच दांडा येतो, मग ते झाड मरतं. पण सिसलच्या दांड्यावर शेकडो पिल्लं धरतात. खाली पडली की रुजतात. 1893 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हिंडॉर्फ यांनी आफ्रिकेत आजच्या टांझानियात नेलेल्या रोपांपैकी फक्त 62 जगली. तिथला सिसलचा मोठा धंदा त्यांतूनच उभा राहिला. मग आपल्या धुऱ्यावरची चार झाडं किती होतील, हिशोब करा.

काढायचं कसं?
- नुसती पानं छाटून उपयोग नाही. पहारीनं गड्डा आणि आजूबाजूची पिल्लं मुळासकट काढा.
- काम उन्हाळ्यात करा. गड्डे मुळं वर करून वाळवा. ओल्या मातीत पडले तर पुन्हा धरतात.
- दांडा कोवळा असतानाच तोडा.
- ओढ्यात टाकू नका, पाण्याबरोबर खालच्या रानात जातं.
- पानाच्या रसानं अंगाला खाज सुटते, टोकाचा काटा डोळ्याला धोक्याचा. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, चष्मा वापरा.
- पुढची दोन वर्षं पावसाळ्यानंतर नवी पिल्लं बघून काढत राहा.

हे लक्षात ठेवा
उताराच्या बांधावर केकताड माती धरून ठेवतं. तिथं एक ओळ राखून बाकीचं काढलं तरी चालतं. अनेक ठिकाणी जुनं केकताड हीच दोन रानांमधली हद्दीची खूण असते. जेसीबी लावण्याआधी शेजाऱ्याला बोलवा, दोघांच्या समक्ष खूण रोवा. नाहीतर तण जाईल आणि धुऱ्याचं भांडण उगवेल.