घरकुल प्रतीक्षा यादी (कोडोली)

कोल्हापूर जिल्ह्याच्या पन्हाळा तालुक्यातील, वारणानगरलगतच्या कोडोलीसारख्या मोठ्या गावात सरकारी घरासाठी वापरली जाणारी क्रमवारी. इथे मदत मिळते ती स्वतःचे घर बांधायला. इंदिरा आवास योजनेच्या जागी 2016 मध्ये प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली. तिच्यात सपाट भागात मदत 1 लाख 20 हजार रुपये, घर किमान 25 चौरस मीटरचे. शौचालयाचे 12 हजार आणि रोजगार हमीची मजुरी वेगळी.

पहिली यादी 2011 च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेवरून झाली. त्यातून सुटलेल्यांची पुढे ‘आवास प्लस’ पाहणीत नोंद झाली. गावच्या बोलण्यात ही दुसरी यादी म्हणजे ‘ड यादी’. त्यामुळे ग्रामपंचायतीत पहिला प्रश्न अर्जाचा नसतो, ‘यादीत नाव हाय का?’ हा असतो. बेघर आणि कच्च्या घरातल्यांना अग्रक्रम. पात्रतेवर ग्रामसभेची मोहोर लागते. हप्ते खात्यावर जमा होतात, तेही जोते, छत अशा टप्प्यांचे फोटो मोबाइलवरून चढवल्यावर.

खरी अडचण जागेची. घराच्या नोंदीच्या, म्हणजे नमुना आठच्या उताऱ्यावर अजून आजोबांचेच नाव असले, की यादीतला वरचा क्रमांकही अडतो. भूमिहीनांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसाहाय्य योजना आहे. अनुसूचित जातींसाठी रमाई, जमातींसाठी शबरी आवास योजना स्वतंत्र आहेत.