पुढच्या चाकांचा जोर : सातारा-सांगलीतल्या जीपगाडीची गोष्ट



इतिहासाच्या व्याख्यानमालेत, आणि तेही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं, गाडीवर काय बोलायचं, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर दिसतोय. रास्त आहे. पण कोण कुठवर पोहोचू शकत होतं आणि कोणाला वेशीवरच थांबावं लागत होतं, याचा हिशेब म्हणजेही इतिहास असतो. आमच्या या दोन जिल्ह्यांत तो हिशेब चारही चाकांना जोर मिळणाऱ्या एका लहान गाडीवरून फार चांगला मांडता येतो. आज तेवढंच करू.

आधी भूगोल. सातारा आणि सांगली १९४९ पर्यंत एकच जिल्हा होता. मग दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. या जुन्या जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर, तिथं वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस. पूर्वेला माण, आटपाडी, जत, तिथं पाचशेची मारामार. वर जांभ्या दगडाची लाल, घसरडी वाट. खाली कृष्णाकाठी काळी माती, ती पावसात अशी चिकटते की चाक आणि मडगार्ड यांच्यात चिखलाचा गोळा बसून चाक जागीच अडतं. म्हणजे एकाच जिल्ह्यात गाडी अडवायच्या दोन निरनिराळ्या तऱ्हा!

आता गाडीचं. साध्या गाडीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो. ती दोन चाकं रुतली की बाकीची दोन नुसती ओझं. चारी चाकांना जोर दिला, तर पुढची चाकं ओढतात, मागची ढकलतात. त्याला जोड म्हणून ‘लो’ गिअर. वेग कमी, पण ताकद भरपूर. बैलजोडी चिखलातून गाडी काढते तेव्हा पळत नाही, सावकाश दम धरते. तत्त्व तेच आहे.

ही रचना लहान गाडीत बसवली ती युद्धानं. १९४० साली अमेरिकन सैन्याला हलकी, कुठंही जाणारी गाडी हवी होती. त्यातून जीप निघाली आणि दुसऱ्या महायुद्धात ती सहा लाखांच्या घरात बनली. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीनं विलीज जीप आणायला सुरुवात केली आणि १९४९ साली मुंबईत माझगावला तिची जुळणी होऊ लागली. योगायोग बघा, ज्या साली आमचा जिल्हा दुभंगला त्याच साली ही गाडी मुंबईत जोडली जाऊ लागली.

त्याच्या पाच-सहा वर्षं आधीचा सातारा आठवा. नाना पाटलांचं प्रतिसरकार. त्या लढ्याला डोंगरांनी, ओढ्यांनी, उभ्या पिकांनी आसरा दिला. पोलिसांची गाडी पोहोचत नाही ती जागा भूमिगतांची. जावळीच्या खोऱ्यानं तीनशे वर्षांपूर्वी हेच काम केलं होतं. म्हणजे रस्ता नसणं हे नेहमी मागासपणच असतं असं नाही, कधी ते संरक्षणही असतं. मात्र स्वातंत्र्य आल्यावर हे गणित उलटलं. जे सरकार येऊ नये म्हणून माणसं डोंगरात गेली, त्या जागी आपलं सरकार आलं आणि आता ते आपल्यापर्यंत यावं अशी अपेक्षा सुरू झाली.

ते आलं जीपमधून. २ ऑक्टोबर १९५२ ला सामूहिक विकास योजना सुरू झाली. पुढं १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. या साऱ्या घडामोडींत आमच्या कऱ्हाडच्या यशवंतराव चव्हाणांचा वाटा मोठा. ‘बीडीओची जीप’ हा शब्दच तेव्हा रूढ झाला. लसवाले, बियाणंवाले, पाहणीवाले, सगळे जीपमधून उतरायचे. ‘जीप आली’ म्हणजे सरकार आलं. गाडीचा मालक कोण? तर शासन. गावकऱ्याचा तिच्याशी संबंध एवढाच, की ती रुतली की ढकलायला हाक यायची.

कोयनेची गोष्ट थोडी वेगळी. धरण झालं, शिवसागर भरला, वीज मुंबईपर्यंत गेली. पण त्याच पाण्याखाली कित्येक गावांच्या जुन्या वाटा गेल्या. बामणोली, तापोळा, पलीकडची कांदाटी खोऱ्यातली गावं, इथं रस्त्याची जागा लाँचनं घेतली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला कोयनानगर कळलं. पण आजारी माणसाला डोलीत घालून खाली आणायची पद्धत त्या डोंगरांत आधीही होती आणि नंतरही राहिली. ज्या खोऱ्यातून वीज गेली, त्या खोऱ्यात रस्ता गेला नाही. ही खंत आमच्या मनातून जात नाही.

दुसरा मालक सहकार. पन्नाशीच्या दशकापासून कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात साखर कारखाने उभे राहिले. ऊस काळ्या रानात, आणि तोडणी सुरू होते तेव्हा वरच्या थरात परतीच्या पावसाचा ओलावा अजून असतो. शेतकी खात्याच्या माणसांना प्लॉट पाहायला पाणंदीनं आत जावं लागे. इथं जीप कामाची ठरली. मग चेअरमनची जीप आली, आणि ती कामापेक्षा मानाची झाली. निवडणुकीत ज्याच्यामागं जीपा जास्त, त्याचा रुबाब मोठा.

तिसरा टप्पा वडापचा. हा शब्द बाहेरच्या लोकांना कळत नाही, तुम्हाला कळतो. एसटी येत नाही, आली तर दिवसातून दोनदा, म्हणून जीपमध्ये दाटीवाटीनं माणसं भरून न्यायची. पण एक गोष्ट नीट पाहा. वडापच्या बहुतेक जीपांना पुढच्या चाकांचा जोर नव्हताच. लांब हौदा, डिझेल इंजिन, मागची दोन चाकं. पुढचा एक्सल म्हणजे जादा वजन, जादा खर्च, आणि दोन सीट जास्त बसवणं हा त्याहून मोठा फायदा. रूप जीपचं राहिलं, मर्म गेलं. कुठंही जाणारी गाडी अखेर ‘जिथं गिऱ्हाईक आहे तिथं’ जाणारी गाडी झाली. आणि खरं सांगायचं तर गरिबाच्या उपयोगी हीच जास्त पडली.

चौथा टप्पा १९८५ चा. त्या साली डिसेंबरात मारुतीची जिप्सी आली. एक लिटरचं छोटं पेट्रोल इंजिन, अंगानं हलकी, चारही चाकांना जोर. सैन्यानं, पोलिसांनी, वनखात्यानं ती घेतली. घरगुती मालक थोडे, कारण पेट्रोल महाग आणि पुढं-मागं पाटे, त्यामुळं अंग खिळखिळं व्हायचं. १९९६ ला १.३ लिटरचं इंजिन आलं, आणि २०१८-१९ च्या सुमारास ती सर्वसामान्य गिऱ्हाइकासाठी थांबली. मधे २०१४ साली डस्टरचं चारचाकी जोराचं रूप आलं. त्यात बटण फिरवून दोन चाकं, ऑटो किंवा लॉक असं निवडायचं. २०२३ ला जिम्नी आली, चार मीटरच्या आत बसणारी. गाडी आता शासनाची नाही, कारखान्याची नाही. घरातली झाली.

अशा गाड्यांच्या मालकांशी आम्ही मेढा, पाटण, शिराळा या भागांत पुष्कळ बोललो. त्यांच्या बोलण्यात तीन गोष्टी पुन्हा पुन्हा येतात.

पहिली : फोर व्हील चिखलात शिरायच्या आधी टाकायचं, रुतल्यावर नाही. रुतल्यावर चाकं फिरवत राहिलं की खड्डा खोल होतो आणि गाडी पोटावर बसते. ‘आधी विचार, मग ॲक्सिलेटर,’ असं एक शेतकरी म्हणाले. आम्ही वर्गात तीस वर्षं हेच सांगत होतो, पण इतक्या थोडक्यात नाही!

दुसरी : जीप-जिप्सीच्या जातीच्या गाडीत कोरड्या डांबरावर फोर व्हील लावून फिरायचं नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि हा फरक जिरायला चिखलात जागा असते, डांबरावर नसते. मग स्टिअरिंग जड होतं, टायर घासतात, आतल्या दांड्यांवर ताण येतो.

तिसरी, आणि सगळ्यात महत्त्वाची : चार चाकांचा जोर गाडी चालवायला असतो, थांबवायला नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांवर असतात. कुंभार्ली किंवा आंबेनळी घाटात पावसात उतरताना टायर आणि वेग एवढंच खरं. चढ सहज चढला म्हणून उतारावर जो निर्धास्त झाला, तो फसला.

पुराचंही तसंच. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या पुढं गेली, धोक्याची पातळी ४५ फुटांची. तिथं गाडी नव्हे, होडी लागत होती. जुलै २०२१ ला पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या. जिथं पायाखालची जमीनच सरकते, तिथं चार चाकं काय करणार?

अमर्त्य सेन यांनी १९८५ सालीच, जिप्सीच्याच वर्षी, एका पुस्तकात सायकलीचं उदाहरण दिलं होतं. सायकल असणं वेगळं आणि सायकलीमुळं कुठं जाता येणं वेगळं. वस्तू आणि क्षमता यांतला हा फरक. आमच्याकडं तो असा दिसतो : ज्याच्याकडं अशी गाडी आहे, त्याचं घर बहुधा डांबरी रस्त्यावर असतं. लो गिअरचा दांडा वर्षभर हलत नाही. आणि ज्याच्या वस्तीला तो दांडा रोज लागेल, त्याच्याकडं गाडीच नसते.

काही जण मग तो दांडा वापरायला मुद्दाम डोंगरावर जातात. हौस असावी, आमचं काही म्हणणं नाही. पण कासचं पठार हे मैदान नव्हे. जांभ्यावर इंच-दोन इंच माती, तीवर ती फुलं. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलेली ती जागा. तिथं चारही चाकांचा जोर म्हणजे चारपट नुकसान. नांगरायला नको असलेली जमीन नांगरायची, असला प्रकार.

तर सत्तर-पंचाहत्तर वर्षांत गाडीचा मालक तीनदा बदलला : शासन, सहकारी संस्था, वडापवाला, कुटुंब. प्रत्येक वेळी पोहोचायची ताकद आणखी थोडी खासगी होत गेली. पहिल्या जीपनं निदान सरकारला वाडीपर्यंत न्यायचं कबूल केलं होतं. आजची गाडी फक्त मालकाला नेते.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. पाणंद ही गावाची सामाईक मालमत्ता. दोन्ही बाजूंच्या बांधांनी ती वर्षावर्षाला खाल्ली, आणि मग तिच्यातून जायला गाडी चार चाकांची हवी झाली. राज्य शासनानं २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेत शेतरस्ते, पाणंद रस्ते घेतले, ते योग्यच केलं. पण योजना बांध मागं सरकवत नाही, ते शेजाऱ्यांनीच करावं लागतं. गाडी घेणाऱ्यानं जरूर घ्यावी, वापर शिकून घ्यावी. मात्र गावच्या ग्रामसभेत पाणंदीचा विषय निघेल तेव्हा, ‘आपली गाडी जातेय की’ म्हणून त्यानं गप्प बसू नये. कारण वाडीवरची बाळंतीण त्याच्या गाडीनं नाही, त्या पाणंदीनं दवाखान्यात पोहोचणार आहे.