ग्रीसमधल्या देवीच्या ठाण्यात छोट्या मुलींचे पुतळे का वाहिले जायचे?

प्राचीन ग्रीक पुतळे म्हटलं की पिळदार शरीराचे देव आणि खेळाडू आठवतात. पण अथेन्सच्या पूर्वेला, समुद्राजवळच्या ब्राउरॉन इथल्या संग्रहालयात वेगळीच मंडळी भेटतात. गोबऱ्या गालांच्या संगमरवरी मुली. कुणी ससा धरलाय, कुणी पक्षी.

बहुतेक पुतळे इ.स.पू. चौथ्या शतकातले आहेत. ब्राउरॉन हे आर्टेमिस देवीचं ठाणं. ही शिकारीची देवी, पण लेकरं आणि बाळंतिणींची राखणदारही तीच.

इथला विधी मोठा अजब होता. अथेन्समधल्या साधारण पाच ते दहा वर्षांच्या मुली देवीसाठी चक्क 'अस्वल' व्हायच्या! त्यांना 'आर्क्टोस' म्हणत, म्हणजे अस्वलच. इ.स.पू. ४११ मध्ये रंगमंचावर आलेल्या अ‍ॅरिस्टोफेनिसच्या 'लायसिस्ट्राटा' नाटकात या विधीचा आणि त्यातल्या केशरी वस्त्राचा उल्लेख आहे.

यामागची कथा अशी. देवीच्या माणसाळलेल्या अस्वलाने एका मुलीला ओरबाडलं. तिच्या भावांनी त्याला मारलं. मग रोगराई पसरली आणि देववाणी झाली, की मुलींनी लग्नाआधी अस्वल होऊन देवीची सेवा करावी.

इंटरनेटवर इथल्या प्रत्येक पुतळ्याला 'अस्वल मुलगी' म्हटलं जातं, ते मात्र घाईचं आहे. इथे मुलग्यांचेही पुतळे सापडलेत आणि मुलगे काही अस्वल होत नव्हते. म्हणजे लेकरू सांभाळ, एवढंच मागणं किंवा त्याबद्दलचे आभार अनेक पुतळ्यांमागे असावेत. आपल्याकडच्या नवसासारखंच.

भीतीला कारणही होतं. बालमृत्यू नेहमीचे होते. मुलगी जगली तरी चौदा-पंधराव्या वर्षी लग्न आणि मग बाळंतपण, म्हणजे पुन्हा जिवाशी खेळ. बायका आर्टेमिसला आपले कपडे वाहायच्या आणि त्यांच्या याद्या दगडावर कोरल्या जायच्या. बाळंतपणात दगावलेल्या बायकांची वस्त्रं इफिजेनियाला वाहिली जातील, असं युरिपिडीसच्या नाटकात येतं. तीच इफिजेनिया, जिला बापाने बळी द्यायला काढलं होतं आणि जिची कबर ब्राउरॉनला असल्याचं मानलं जाई.

पुढे शेजारच्या एरासिनोस नदीच्या गाळाने हे ठाणं गिळलं. इयोआनिस पापादिमित्रिऊ या पुरातत्त्वज्ञांनी १९४८ मध्ये खोदायला घेतलं, तेव्हा गाळाखालून या मुली बाहेर आल्या. ओल्या चिखलामुळे एरवी कुजून जाणाऱ्या लाकडी वस्तूही इथे टिकून राहिल्या होत्या.