हृत्पेशीतील क्लोराइड: एका विद्युत्प्रवाहाचे जाणे आणि येणे
हृदयाच्या ठोक्यामागील विजेचा हिशेब मांडताना सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियम या धनभारित आयनांचाच विचार करण्याचा प्रघात शरीरक्रियाशास्त्रात दीर्घकाळ होता, आणि पेशीबाहेरील द्रवात विपुल असलेला ऋणभारित क्लोराइड केवळ भारांचा समतोल राखण्यापुरता आहे असे बहुधा गृहीत धरले जाई. हे गृहीत प्रथम तपासले गेले ते १९६१ मध्ये, जेव्हा लंडनमध्ये हटर व नोबल यांनी आणि बेल्जियममध्ये कारमेलिएट यांनी पुर्किंजे तंतूंवर, म्हणजे निलयांत विद्युत्संदेश झपाट्याने पसरवणाऱ्या विशेष स्नायुतंतूंवर, प्रयोग केले. रीत साधी होती: द्रवातील क्लोराइड काढून त्याच्या जागी पेशीपटल सहजी ओलांडू न शकणारा मोठा ऋण आयन घालायचा आणि विद्युत्नोंदीत काय फरक पडतो ते पाहायचे. फरक पडला, पण सांगाड्याच्या स्नायूंत विश्रांतीच्या वेळी क्लोराइडचा जो मोठा वाटा असतो त्या मानाने तो माफक होता.

१९६७ मध्ये ड्यूडेल, ट्राउटवाइन आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी याहून धीट निष्कर्ष काढला. पेशीपटलाचा विभव एका पातळीवर रोखून धरला असता सुरुवातीला क्षणभर वाहणारा बहिर्गामी प्रवाह क्लोराइड काढल्यावर घटतो, म्हणून तो क्लोराइडचाच, असे त्यांनी मांडले आणि पुढे दशकभर ते बहुतांशी मान्यही झाले. मात्र या पद्धतीत दोन खाचखळगे होते. क्लोराइडऐवजी घातलेले काही आयन द्रवातील मुक्त कॅल्शियमही बांधून ठेवतात. शिवाय मोजमापासाठी वापरली जाणारी, सिल्व्हर क्लोराइडचा थर चढवलेली चांदीची तार स्वतःच भोवतालच्या क्लोराइडच्या प्रमाणानुसार आपला विभव बदलते, त्यामुळे पोटॅशियम क्लोराइड मिसळलेल्या अगरच्या जेलीचा पूल मध्ये घातला नाही तर तारेचा बदल पेशीच्या नावावर जमा होतो. १९७९ मध्ये केनियन आणि गिबन्स यांनी दाखवून दिले की त्या प्रवाहाचा मोठा भाग पोटॅशियम-मार्ग रोखणाऱ्या ४-अमिनोपिरिडिन या द्रव्याने दबतो. क्लोराइडचा दावा जवळजवळ निकालात निघाला.

त्याच वर्षी व्हॉन-जोन्स यांनी क्लोराइड ओळखणाऱ्या सूक्ष्म विद्युदग्राने दाखवले की हृत्पेशीच्या आत क्लोराइड निव्वळ विद्युत्-ओढीने राहील त्यापेक्षा जास्त साठवलेला असतो. या शोधाचे महत्त्व त्या वेळी जेवढे जाणवायला हवे होते तेवढे जाणवले नसावे, कारण यातूनच या आयनाचा दुहेरी स्वभाव उलगडतो: विश्रांत पेशीतून तो बाहेर पडला तर पेशीचा ऋण विभव उणावतो, उलट ठोक्याच्या ऐन भरात तो आत शिरला तर विभव लवकर खाली येऊन ठोक्याचा विद्युत्काळ आखडतो.

पुढचे पाऊल साधनांमुळे पडले. कोलॅजिनेज या विकराने ऊती सैल करून सुटी केलेली एकेक हृत्पेशी आणि तिच्या पटलाला चिकटवलेली काचनळी हाती आल्यावर १९८९ मध्ये हार्वे व ह्यूम यांनी, तसेच गॅड्स्बी आणि सहकाऱ्यांनी, गिनीपिगच्या निलयपेशींत ॲड्रेनॅलिनसदृश द्रव्याच्या चेतनेने, चक्रीय एएमपी या पेशीतील निरोप्यामार्फत उघडणारा क्लोराइड प्रवाह नोंदवला. सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसे व स्वादुपिंड ग्रासणाऱ्या आनुवंशिक रोगाचे जनुकही त्याच वर्षी सापडले, आणि १९९२ मध्ये त्या जनुकातून घडणाऱ्या, क्लोराइडला वाट देणाऱ्या सीएफटीआर या प्रथिनाचा आविष्कार हृदयात दाखवणाऱ्या लेखकांत केनियन यांचेही नाव होते. गिबन्स यांनी तर १९९१ मध्येच झिगमुंट यांच्यासह सशाच्या निलयपेशींत कॅल्शियमने उघडणारा क्लोराइड प्रवाह दाखवला. तो त्याच क्षणिक बहिर्गामी प्रवाहाचा दुसरा घटक निघाला, म्हणजे ज्यांनी क्लोराइडला बाहेर काढले त्यांनीच त्याला, वाटा आखून देऊन, परत आत घेतले.

पेशी फुगल्यावर उघडणारा तिसरा मार्ग १९९२ मध्ये कुत्र्याच्या हृत्पेशींत नोंदला गेला, पण त्याचे प्रथिन कोणते हा वाद बराच रेंगाळला. १९९७ मध्ये पुढे आलेले सीएलसी-३ हे उत्तर, ते प्रथिन नसलेल्या उंदरांतही हा प्रवाह आढळल्याने डळमळले, आणि २०१४ मध्ये दोन गटांनी इतर पेशींत एलआरआरसी८ए हा त्या मार्गाचा आवश्यक घटक असल्याचे स्वतंत्रपणे दाखवले.