चौकोनी ठिपक्यांची चित्रकला

अंगणांत ठिपक्यांची रांगोळी घालणारी गृहिणी आधीं ठिपके मोजून मांडते आणि मग त्यांतून कमळ उमलविते. मोजणी आधीं, सौंदर्य मागाहून, असा त्या कलेचा क्रम आहे. संगणकाच्या पडद्यावर चौकोनी ठिपक्यांनीं चित्रें काढण्याची जी कला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत उदयास आली, तिचाही क्रम हाच. ‘पिक्सेल आर्ट’ या नांवानें ती ओळखली जाते. आज खिशांतील मोबाइलवर एखादें मोफत ॲप घेऊन शाळकरी मुलगाही ती साधूं शकतो. परंतु तिचा जन्म सुबत्तेंत झाला नाहीं. तो दारिद्र्यांत झाला, आणि तें दारिद्र्य यंत्राचें होतें.

सन १९५७ मध्यें अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेंत रसेल किर्श व त्यांच्या सहकाऱ्यांनीं छायाचित्र संगणकांत उतरविण्याचें यंत्र तयार केलें. त्यासाठीं किर्श यांनीं आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचें छायाचित्र निवडलें. त्या चिमुकल्या चित्राचे आडवे १७६ आणि उभे १७६, म्हणजे एकूण ३०,९७६ भाग पडले. संगणकाची स्मरणशक्ति याहून अधिक भार पेलण्यास समर्थ नव्हती. त्या बालकाचा चेहरा ओळखूं येत होता, हेंच त्या काळीं नवल होतें. अशा भागास ‘पिक्सेल’ हें नांव १९६५ सालीं छापील लेखांत आलें. चित्र आणि घटक या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांचा तो संक्षेप आहे.

पुढें खेळांच्या यंत्रांनीं या ठिपक्यांस लोकप्रियता दिली. १९७८ मध्यें जपानांत तोमोहिरो निशिकादो यांनीं ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ रचला. त्यांतील परग्रहावरील प्राणी मोजक्या ठिपक्यांचे असूनही ते पाय हलवीत खालीं उतरूं लागले कीं खेळणाऱ्याचा जीव खालींवर होई. १९८१ सालीं शिगेरु मियामोतो यांनीं ‘डाँकी काँग’ या खेळासाठीं जो नायक निर्मिला, तोच पुढें मारिओ म्हणून जगप्रसिद्ध झाला. त्याचें रूप म्हणजे अडचणीवर केलेली मातच होय. इतक्या लहान आकृतींत तोंड रेखाटणें कठीण, म्हणून मिशा आल्या. केस उडतांना दाखविणें कठीण, म्हणून टोपी आली. चालतांना हात अंगापासून वेगळे दिसावेत, म्हणून पोशाखाचे रंग भिन्न झाले. जें रूप पुढें कोट्यवधि मुलांच्या परिचयाचें झालें, तें असें उणिवेंतून घडलें.

१९८३ मध्यें सुसान केअर या कलावतीनें ‘ॲपल’च्या मॅकिंटॉश संगणकासाठीं चिन्हें काढलीं, तीं प्रथम चौकटींच्या कागदावर. आडवे ३२ आणि उभे ३२ चौकोन, रंग काळा आणि पांढरा. एवढ्या सामग्रींत कचऱ्याची टोपली, कागद, हंसरा संगणक अशीं चिन्हें तिनें साकारलीं, आणि यंत्राची धास्ती बाळगणाऱ्या सामान्य माणसास संगणक आपलासा वाटूं लागला. याहून काटकसर १९९९ सालीं जपानांत शिगेताका कुरिता यांनीं केली. मोबाइलवरील संदेशांसाठीं त्यांनीं १७६ चिन्हांचा संच सिद्ध केला. प्रत्येक चिन्हास जागा अवघी १४४ चौकोनांची होती. २०१६ सालीं न्यूयॉर्क येथील आधुनिक कलेच्या संग्रहालयानें तो संच आपल्या संग्रहांत घेतला.

तोंपर्यंत यंत्रांचें दारिद्र्य संपलें होतें. पडद्यावर लक्षावधि ठिपके आणि कोट्यवधि रंग सहज मावूं लागले. आतां ही ओबडधोबड कला आपोआप लोपेल, असें कोणासही वाटलें असतें. झालें उलटेंच. जी मर्यादा पूर्वी यंत्र लादीत असे, ती चित्रकार आतां आपण होऊन पत्करूं लागला.

मोफत ॲपवर बसलेला नवशिका हेंच करतो. आरंभीं ॲप चित्राचा आकार विचारतें. १६ गुणिले १६ असा आकार निवडला, तर हातीं २५६ चौकोन येतात. समजा, त्यांत समईची ज्योत हालती दाखवावयाची आहे. पहिल्या चौकटींत ज्योत सरळ. ती चौकट उतरून घेऊन दुसरींत ज्योतीचें टोंक एक चौकोन उजवीकडे. तिसरींत पुन्हां सरळ, पण किंचित ठेंगणी. चौथींत डावीकडे. मागील चौकट पुढील चौकटीखालीं फिकट दिसत राहते, त्यामुळें काय हललें आणि काय स्थिर राहिलें हें नेमकें कळतें. चारही चौकटी एकामागून एक फिरूं लागल्या कीं ज्योत थरथरते. मात्र वातीजवळचे ठिपकेही हलविले, तर ज्योत वातीपासून सुटल्यासारखी दिसते. काय हलवावयाचें नाहीं हें ठरविणें, हाच या विद्येचा पहिला धडा होय.

हा धडा महाराष्ट्रास अपरिचित नाहीं. १९१२ मध्यें दादासाहेब फाळके यांनीं कुंडींतील वाटाण्याचें रोप कसें वाढतें, हें कॅमेऱ्यानें थोडें थोडें टिपून पडद्यावर दाखविलें आणि त्या लहानशा चित्रपटाच्या बळावर ‘राजा हरिश्चंद्र’साठीं भांडवल उभें केलें. पुढें ‘आगकाड्यांची मौज’ या चित्रपटांत त्यांनीं काड्यांनाही चालतें केलें. त्यासाठीं त्यांना विलायतेहून कॅमेरा आणावा लागला आणि संसार पणास लावावा लागला. आज तोच प्रयोग करावयास साध्या मोबाइलपलीकडे फारसा खर्च नाहीं.

साधन स्वस्त झालें, म्हणून कला सोपी झाली असें मात्र नव्हे. ॲप रंग पुरवितें, चुकलेला ठिपका पुसून देतें, चौकटी फिरवून दाखवितें. कोणता ठिपका भरावा आणि कोणता रिकामा ठेवावा, हें तें सांगत नाहीं. तो निर्णय चौकटींच्या कागदापुढें बसलेल्या सुसान केअरला घ्यावा लागला, आणि एस. टी. च्या थांब्यावर मोबाइलमध्यें डोकें घालून बसलेल्या मुलासही तोच घ्यावा लागतो. दोघांमधील अंतर यंत्रानें मिटविलें आहे. उरलेलें अंतर चिकाटीनेंच मिटावयाचें आहे.