महासाथ आणि अमली पदार्थांचे बळी : अमेरिकेतील विषम चित्र

कोविड-19 च्या महासाथीच्या काळात अमेरिकेत अमली पदार्थांच्या अतिसेवनाने होणाऱ्या मृत्यूंमध्येही मोठी वाढ झाली. 2019 मध्ये असे 70 हजार 630 मृत्यू नोंदवले गेले होते. 2020 मध्ये ही संख्या 91 हजार 799 वर, तर 2021 मध्ये 1 लाख 6 हजार 699 वर पोहोचली. वाढीची झळ बहुतेक समाजगटांना बसली. मात्र तिचा भार सर्वांवर सारखा पडला नाही.

वाढीची कारणे
मृत्यूंचे प्रमाण 2019 च्या उत्तरार्धातच, म्हणजे महासाथीपूर्वी, वाढू लागले होते. बेकायदा तयार होणारे फेंटॅनिल हे त्याचे प्रमुख कारण होय. हेरॉइनपेक्षा सुमारे 50 पट तीव्र असलेले हे द्रव्य अन्य अमली पदार्थांत व बनावट गोळ्यांत मिसळले जाते. त्यामुळे आपण नेमके काय घेत आहोत, याची सेवन करणाऱ्याला अनेकदा कल्पना नसते. निर्बंधांच्या काळात उपचार व समुपदेशन सेवा विस्कळीत झाल्या. एकांतात सेवन करणाऱ्याचा श्वास मंदावल्यास नॅलॉक्सोन हे उताऱ्याचे औषध देण्यास जवळ कोणी नसणे, हा धोकाही वाढला.

कोणाला किती फटका?
अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने 25 राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन येथील आकडेवारी 2022 मध्ये प्रसिद्ध केली. त्यानुसार 2019 ते 2020 या एका वर्षात मृत्युदर कृष्णवर्णीयांमध्ये 44 टक्क्यांनी, मूळ अमेरिकी व अलास्कातील मूळ रहिवाशांमध्ये 39 टक्क्यांनी, तर श्वेतवर्णीयांमध्ये 22 टक्क्यांनी वाढला. 15 ते 24 वयोगटातील कृष्णवर्णीयांमध्ये ही वाढ 86 टक्के होती. 65 वर्षांवरील कृष्णवर्णीय पुरुषांचा मृत्युदर त्याच वयाच्या श्वेतवर्णीय पुरुषांच्या जवळपास सातपट आढळला.

देशपातळीवर 2020 मध्ये 35 ते 44 हा वयोगट सर्वाधिक बाधित होता आणि पुरुषांचा मृत्युदर स्त्रियांच्या दुपटीहून अधिक होता. 14 ते 18 वयाच्या मुलांमधील मृत्यू 2019 मधील 492 वरून 2020 मध्ये 954 झाले.

विषमतेचे मूळ
या तफावतीमागे उपचारांची असमान उपलब्धता हे एक महत्त्वाचे कारण आहे. मृत्युमुखी पडलेल्या कृष्णवर्णीयांपैकी साधारण 12 पैकी एकानेच पूर्वी व्यसनमुक्तीचे उपचार घेतल्याची नोंद आढळली. उत्पन्नातील दरी अधिक असलेल्या भागांत वांशिक तफावतही अधिक दिसून आली.

उपाय आणि सद्यःस्थिती
मार्च 2020 मध्ये स्थिरावलेल्या रुग्णांना मेथाडोनचा 28 दिवसांपर्यंतचा साठा घरी नेण्याची मुभा देण्यात आली. 2024 मध्ये ही सवलत कायम झाली. मार्च 2023 मध्ये नॅलॉक्सोनचा नाकात मारावयाचा फवारा डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मंजुरी मिळाली. 2022 मध्ये 1 लाख 7 हजार 941 पर्यंत गेलेली मृत्युसंख्या 2023 मध्ये किंचित घटली आणि 2024 मध्ये सुमारे 80 हजारांवर आली.

मात्र घटही समान नव्हती. 2023 मध्ये श्वेतवर्णीयांचा मृत्युदर उतरला, तर मूळ अमेरिकींचा दर सर्वाधिक, म्हणजे लाखामागे 65 इतका, कायम राहिला. एकूण संख्या घटली तरी प्रत्येक समाजगटाचे संकट ओसरले असे होत नाही, हेच या आकड्यांवरून स्पष्ट होते.