दारातली ‘दूध वापसी’
नवरदेवाचे जोडे लपवणं १९९४च्या ‘हम आपके हैं कौन’नं आणखी गाजवलं. पण खरी जुनी खोडी घरच्या दारात होते. नवं जोडपं उंबरठ्याशी येतं आणि नवऱ्याची बहीण आडवी उभी: “भाऊ, तुझी पोरगी माझ्या पोराला देशील ना?” सगळे खिदळतात. पण भावंडांच्या मुलांच्या लग्नाचा खराखुरा हिशेबही होता.

चांदा जिल्हा (गडचिरोली १९८२पर्यंत त्यातच!) तेव्हा मध्य प्रांतात. त्या प्रांतावरच्या १९१६च्या ग्रंथात रसेल-हिरालाल नोंदवतात: गोंडांत बहिणीच्या मुलीचं भावाच्या मुलाशी लग्न म्हणजे ‘दूध लौटाना’. एका घरानं मुलगी दिली, तर पुढच्या पिढीत तिची परतफेड. आता भाऊ हसत “हो” म्हणतो, ओवाळणी टाकतो, आत शिरतो. शब्द मात्र दिला जातो जन्मालाही न आलेल्या पोरीचा.